ओट्याची उंची

आमचा ओटा बत्तीस इंच.
गवंड्यानं माझ्या कोपराला टेप लावून धरलेला.
भाद्रपदात फौजदार घरात आला तेव्हा
त्याचं नाक खालच्या ट्रॉलीच्या मुठीपर्यंत पोचायचं.
दिवाळीत कडप्प्यापर्यंत पोचलं.

आधी लोण्याची वाटी गेली.
मग शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा.
झोंबली, तर मोरीत जाऊन ओकला
आणि उरलेल्यासाठी परत आला.
मग एका रविवारी, निपाणीचे पाव्हणे दारात चपला काढत असताना,
अख्खी पुरणपोळी,
तीही वरची नव्हे,
चवडीतली मधली.

लाटणं घेऊन मी मागं लागले.
कॉटखालून, जिन्यावरून, गॅलरीतून,
शेपटी कशी, झेंड्यासारखी.
त्याला वाटलं, बाई आज खुशीत आहे.

त्रिशला म्हणाली,
आई, तू पळतीस म्हणून तो पळतोय.
तू ओरडतीस, त्याला त्या टाळ्या वाटतात.

मग मीच शाळेत बसले.
भाकरीची बुट्टी फळीवर, सायीचं पातेलं जाळीच्या कपाटात,
ओटा असा पुसायचा की मुंगीनंही हात हलवत परत जावं.
दाराशी गुळाच्या रव्याचं जुनं गोणपाट टाकलं.
त्यावर बसला, फुटाणा.
चारी पाय जमिनीवर, फुटाणा.
ओट्याकडं बघून, आवंढा गिळून
माझ्याकडं बघितलं, तर दोन.
ओटा काही देत नाही, गोणपाट देतं,
एवढं एकच वाक्य त्याला शिकवायचं होतं.
सत्तावीस दिवस लागले.
कॅलेंडरवर आहेत, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.

तरी गूळ कमी होत होता.

त्याच्यावरच आळ घेतला मी. दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी डबा हातात घेतला तर झाकण घट्ट.
कुत्रं झाकण परत लावत नाही.

रात्री पाण्याला उठले.
अंधारात ओट्याशी मामंजी,
सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट न घेणारा माणूस,
बोटं डब्यात.
आणि गोणपाटावर फौजदार,
चारी पाय जमिनीवर,
शिकवलं तसा,
मिशीला गुळाचा खडा चिकटलेला.
हप्ता पोचला होता.

शाहूपुरीच्या गूळबाजारात चाळीस वर्षं तोलार होते मामंजी.
ढेपेत नख घालायचं, वास घ्यायचा, जिभेच्या शेंड्यावर ठेवायचं,
आणि सांगायचं, हा वारणेकाठचा, हा चिकोत्र्याचा,
ह्याचा गुळव्या रात्री डुलकी काढत होता.
आता साखर दोनशे ऐंशी.
डॉक्टरनी कागदावर गूळ लिहून त्यावर फुली मारलेली.

मला बघून म्हणाले,
"खात न्हाई गं. बघालोय नुसतं.
पावडर मारल्या ह्येच्यात."

मी ओरडले नाही.
ओरडण्याचं काय होतं ते आता मला माहीत होतं.
लाईटही लावला नाही.

सकाळी गूळ शेजारच्या पद्मलताकडं नेऊन ठेवला.
गोणपाटाशेजारी खुर्ची मांडली.
दुपारी चारला एक मूठ तिकडं, एक मूठ इकडं.
"मला काय कुत्रं समजलीस?" म्हणाले,
आणि फुटाण्यांची टरफलं काढून
दोघांत वाटून घ्यायला लागले.
जास्त कुणाला जातात, मी बघत नाही.

ओटा आता कायम रिकामा.
फक्त कोपऱ्यात तो डबा आहे,
आत काही नाही, पण घासलेला नाही.
मामंजी येता-जाता झाकण उघडतात,
नाक आत घालतात, डोळे मिटतात,
"चिकोत्र्याचा," म्हणतात,
आणि झाकण घट्ट लावतात.
खाली फौजदार मान वर करून बघत राहतो.
त्याचं नाक आता ओट्याच्या चार बोटं वर येतं.